शेजारी परिषदांचे ऐच्छिक सहकार्य : ग्रेटर मँचेस्टरचा अनुभव

नगराची शासकीय सीमा आणि त्याच्या आर्थिक व्यवहाराची सीमा क्वचितच एक असते. कामगार एका नगरात राहतो व दुसऱ्यात कामास जातो. रेल्वे, विमानतळ वा नवे कारखाने यांचा लाभही एका परिषदेच्या हद्दीत मावत नाही. ही विसंगती दूर करण्याचे दोन मार्ग संभवतात : वरून एक व्यापक सत्ता स्थापणे, अथवा शेजारच्या परिषदांनी स्वेच्छेने एकत्र येणे. इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टरने दोन्ही मार्ग अनुभवले असल्याने तेथील इतिहास उद्बोधक ठरतो.

१९७४ साली तेथे दहा स्थानिक परिषदांवर एक महानगरीय परिषद आली. पार्लमेंटने १९८५ मध्ये केलेल्या कायद्यान्वये ती १९८६ साली बरखास्त झाली. पोलीस, अग्निशमन व वाहतूक यांसाठी कायद्यानेच संयुक्त मंडळे नेमली. परंतु समग्र प्रदेशाच्या विकासाचा विचार करणारी संस्था उरली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी दहाही परिषदांनी त्याच वर्षी आपला संघ स्थापन केला. त्याला स्वतंत्र करवसुलीचा अधिकार नव्हता. सभासदांची संमती हेच त्याचे बळ.

केवळ सदिच्छेवर असे संघ फार काळ टिकत नाहीत. येथे सहकार्याला एका सामाईक मालमत्तेचा आधार होता. विमानतळाच्या कंपनीत मँचेस्टरचा हिस्सा शेकडा ५५, तर उरलेल्या नऊ परिषदांचा प्रत्येकी शेकडा ५ होता. विमानतळ दक्षिणेस असूनही उत्तरेकडील रॉचडेल वा विगन यांना त्याच्या भरभराटीत प्रत्यक्ष वाटा मिळे. २०१३ मध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आल्यावर हे प्रमाण बदलले. तथापि दहाही परिषदांची भागीदारी कायम राहिली.

संमतीची मर्यादा २००८ साली उघड झाली. गर्दीच्या वेळी येणाऱ्या मोटारींवर आकार बसवून सार्वजनिक वाहतुकीसाठी मोठा निधी उभारण्याची योजना त्या डिसेंबरात जनमतास टाकली गेली. दहाही क्षेत्रांतील मतदारांनी ती फेटाळली. विरोधी मते चार-पंचमांशांच्या जवळपास होती. आकार रोजचा व प्रत्यक्ष, लाभ मात्र दूरचा, अशी योजना परिषदांच्या आपसांतील कराराने जनतेच्या गळी उतरत नाही.

तरीही संघ मोडला नाही. १ एप्रिल २०११ रोजी त्याच परिषदांचे वैधानिक संयुक्त प्राधिकरण अस्तित्वात आले आणि २०१७ मध्ये लोकनियुक्त महापौराची पहिली निवडणूक झाली. याउलट, २०१० नंतर शासनाच्या प्रेरणेने परिषदा व उद्योजक यांच्या ज्या ३९ स्थानिक भागीदाऱ्या इंग्लंडभर स्थापन झाल्या, त्यांचा मूलभूत निधी २०२४ साली बंद होऊन त्यांची कार्ये स्थानिक शासनाकडे वर्ग करण्यात आली.

या तुलनेवरून असे म्हणता येईल की, ऐच्छिक सहकार्य हे वैधानिक सत्तेला पर्याय नसून तिची पूर्वतयारी होय. पंचवीस वर्षांच्या एकत्र व्यवहारातून जो विश्वास निर्माण झाला, तो कायद्याच्या कलमाने निर्माण होत नाही. मात्र वाढ मुख्यतः मँचेस्टर व सॅल्फर्ड यांच्या मध्यभागी एकवटली. ओल्डहॅम व रॉचडेल ही जुनी गिरणगावे मागे राहिली. सामाईक लाभाची न्याय्य वाटणी हीच अशा भागीदारीची खरी कसोटी असून, ती अद्याप पूर्णपणे उतरलेली नाही.