गोल्डफिश फुगला? औषधाआधी त्याचे खवले बघा



आपलं काम रोहू-कातल्याचं, काचेच्या पेटीतल्या माशांचं नाही. तरी सोसायटीच्या ऑफिसात हल्ली हा प्रश्न येतोच: "पोरांसाठी गोल्डफिश आणला, त्याचं पोट फुगलंय. तुम्ही मासेवाले, काहीतरी सांगा." विचारणारा चुकीच्या दारात आलेला नसतो. गोल्डफिश मूळचा चीनमधला, पण कुळानं कार्पच, म्हणजे आपल्या रोहू, कातला, मृगलचा भाऊबंद. तलावातल्या माशाला जे होतं, त्यातलं बरंचसं त्यालाही होतं.

पहिली गोष्ट, पोट फुगणं हा रोग नाही, ती खूण आहे. माणसाचं पोट गॅसनं फुगतं, तसं जलोदरानंही फुगतं, आणि दोघांना एकच गोळी चालत नाही. म्हणून मासा काचेतून बाजूनं बघू नका, वरून बघा. खवले अंगाला चिकटलेत की उभे राहिलेत, एवढं नीट बघितलं तर निम्मं काम झालं.

खवले चिकटलेले, मासा उलटा-तिरपा तरंगतोय. हे बहुतेक वेळा पोट बांधल्यामुळे होतं. विष्ठा बंद असते, नाहीतर पांढरी लांब दोरी लोंबत राहते. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. कोरडे दाणे पाण्यानं फुगतात, आणि वर येऊन खाताना तो हवाही गिळतो. ओरांडासारख्या गोल, आखूड जातीत आतडं आणि हवेची पिशवी आधीच दाटीवाटीनं असतात, त्यामुळे त्यांना हा त्रास जास्त.

उपाय घरातला आहे. दोन-तीन दिवस खाणं बंद. घाबरू नका, माशाला एवढा उपास सहज सोसतो. मग मटाराचा दाणा उकडायचा, साल काढायची, चिमटीत कुस्करून थोडासा द्यायचा. फरक दिसला नाही तर २० लिटर पाण्याला ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट आधी मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा. मेडिकलवाल्याकडे मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मिळतं. पुढे कोरडे दाणे पाण्यात भिजवून द्या, आणि दोन मिनिटांत संपतील तेवढेच.

खवले चिकटलेले, पोट मागच्या बाजूला जड, पण मासा खातोय, फिरतोय. ही अंड्यावर आलेली मादी असू शकते. त्याच दिवसांत नराच्या गलफड्याच्या झाकणावर बारीक पांढरे ठिपके येतात. लोक त्याला रोग समजून औषध ओततात. काही करू नका, पाणी स्वच्छ ठेवा.

खवले साळिंदरासारखे उभे, डोळे बाहेर, रंग फिका. हा जलोदर. आपल्या तलावात कार्पला होतो तोच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात गलफड्यातून सतत पाणी शिरत असतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत असतं. मूत्रपिंड बिघडलं की पाणी आत साठतं आणि खवल्यांना आतून ढकलतं. बरेचदा यामागे एरोमोनास नावाचे जीवाणू असतात. ते चांगल्या पाण्यातही असतातच, पण मासा कमजोर झाला की डाव साधतात.

असा मासा वेगळ्या टबात ठेवा, हवेचा पंप लावा, लिटरला १ ग्रॅम या हिशोबानं खडे मीठ विरघळवा, आणि पशुवैद्यकाला विचारा. खरं सांगायचं तर खवले उभे राहिल्यावर वाचणारे मासे थोडेच. म्हणून लक्ष पेटीत उरलेल्या माशांकडे द्या.

आता मूळ मुद्दा. आजार माशात दिसतो, पण सुरुवात बहुतेक वेळा पाण्यात असते. मासा गलफड्यातून अमोनिया सोडतो. तो पचवणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढतात, आणि नव्या पेटीत त्यांना जम बसवायला चार-सहा आठवडे लागतात. पेटी आणली, त्याच दिवशी पाच मासे सोडले, की अमोनिया चढलाच. स्पंज नळाखाली खसाखसा धुतला तरी तेच. क्लोरीननं ते जीवाणू मरतात. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, आणि मासा आजारी असेल तर रोज. नळाचं पाणी आधी क्लोरीन काढून मगच पेटीत घाला.

बऱ्हाणपुरात उन्हाळा ही वेगळी अडचण. २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. वर लाईट गेली की पंप बंद. मे महिन्यात पेटी खिडकीच्या उन्हातून हलवा, खाणं कमी करा, आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा.

पाण्याच्या बाबतीत एक चांगली गोष्टही आहे. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या आपल्या कुंडी भंडाऱ्यात भिंतींवर चुन्याचे थर बसलेत. एवढं ते पाणी जड. असं जड पाणी गोल्डफिशला मानवतं. फक्त विहिरीचं किंवा बोअरचं पाणी काढल्या काढल्या ओतू नका. त्यात ऑक्सिजन कमी असतो. काही तास बादलीत पंप लावून ठेवा.

दुकानातलं निळं औषध पोट फुगण्यावर चालत नाही, उलट फिल्टरचे जीवाणू मारतं. माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलही फोडून टाकू नका. अंदाजपंचे औषधानं जीवाणू निगरगट्ट होतात, आणि तेच पाणी गटारातून पुढे नदीला जातं.

शेवटची गोष्ट आपल्या पोटापाण्याची आहे. मासा बरा होईना की काही जण दया म्हणून त्याला राजघाटावर नेऊन तापीमाईच्या हवाली करतात. कृपा करून असं करू नका. कार्पचे रोग आणि माशांच्या उवा त्याच्यासोबत आपल्या रोहू-कातल्यापर्यंत पोचतात. आणि तो जगला तरी ताप आहे. गोल्डफिश तळाचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि वाढतोही भरपूर. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहराला २०२१ मध्ये लोकांना जाहीर विनंती करावी लागली, की पाळीव गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथे तळ्यातून भले मोठे गोल्डफिश निघाले होते.

मासा मेला तर नदी-नाल्यापासून लांब पुरा. पेटीचं पाणी झाडांना घाला, पण मीठ किंवा औषध टाकलेलं नको. आणि पेटीची जाळी, बादली आपल्या तलावाच्या कामाला कधीच वापरू नका. मासा नको झाला असेल तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर पाळणाऱ्या ओळखीच्या घरी द्या.

चांगल्या पाण्यात गोल्डफिश १०-१५ वर्षं जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. तेव्हा घेताना छोटा काचेचा गोळा घेऊ नका, मोठी पेटी घ्या, आणि मासे कमी ठेवा.

ज्यांच्या घरी गोल्डफिश आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा, मंडळी.