चकलीचं चित्र

आपल्या मंडळाच्या गणपतीला आम्ही सलग तीन वर्षं आलो नाही. फोन आले, निरोप आले, दर वेळी आम्ही काहीतरी कारण सांगितलं. खरं कारण आज सांगते. आमचा मुलगा बोलत नाही. तो आता नऊ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात ते. ढोल-ताशा सुरू झाला की तो कान दाबून जमिनीवर पडायचा, किंचाळायचा, कधी स्वतःचाच हात चावायचा. कोणी वाईट बोललं नाही, पण वळून बघणाऱ्या नजरांना तोंड द्यायचं बळ तेव्हा आमच्यात नव्हतं.

तो दोन वर्षांचा झाला तरी शब्द फुटेना, तेव्हा घरच्यांनी धीर दिला, "याचा काकासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." इथल्या एका डॉक्टरांनीही "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून सांगितलं. त्यात दहा महिने गेले. निदान झाल्यावर कोणीतरी सल्ला दिला की घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो. आम्ही तेही केलं. परिणाम एवढाच झाला की सांगलीच्या सासूबाई आणि नातू यांच्यातला उरलासुरला धागाही तुटला. पुढे कळलं की दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे ऑटिस्टिक मुलांची भाषा मागे पडते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घरात मराठी परत आली, पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच.

आपण एकटेच आहोत असं तेव्हा वाटायचं. सीडीसीने २०२५ साली जाहीर केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या निवडक ठिकाणी आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचं आढळलं. म्हणजे आपल्या मंडळातही अशी घरं असणार. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

आमच्याकडे वर्तनोपचाराची थेरपिस्ट यायला लागली, तेव्हा मला वाटलं होतं की ती याला 'अ आ इ' म्हणायला शिकवेल. तिने आधी विचारलं, "याला काय आवडतं?" मग चार-पाच वस्तू पुढे मांडून तो कशाकडे हात नेतो ते पाहत बसली. उत्तर मिळालं: चकली. सासूबाई नुकत्याच सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि डबा भरून चकल्या घेऊन आल्या होत्या!

या पद्धतीमागचा विचार समजायला मला वेळ लागला. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली 'व्हर्बल बिहेवियर' नावाचं पुस्तक लिहिलं. शब्द कोणता यापेक्षा त्या शब्दाने काय घडतं, हे त्याने महत्त्वाचं मानलं. तान्हं मूल रडतं, कारण रडल्यावर कोणीतरी येतं. बोलण्याची सुरुवात मागण्यातून होते. तेव्हा आधी मागायला शिकवायचं, मग ते तोंडाने असो, हाताच्या खुणेने असो की चित्राने.

चित्रांची जी पद्धत आम्ही वापरली तिला 'पेक्स' म्हणतात. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली डेलावेअरमध्ये ती सुरू केली. पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. एक जण समोर चकलीचा तुकडा घेऊन बसतो. दुसरा मुलाच्या मागे बसतो. मुलाने चकलीकडे हात नेला की मागच्याने तो हात हळूच धरून चित्राचं कार्ड उचलायला लावायचं आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावायचं. कार्ड हातात पडताच समोरच्याने "चकली!" म्हणायचं आणि तुकडा लगेच द्यायचा. मागच्याने आपला आधार थोडा थोडा कमी करत जायचं. आणि मुख्य अट अशी की "काय हवं?" असं कोणीही विचारायचं नाही, कारण मग मूल विचारण्याची वाट पाहत बसतं. सुरुवात त्याने करायची.

मागे बसायचं काम सासूबाईंकडे आलं. गप्प बसणं त्यांना फार जड गेलं. "काय हवं रे माझ्या राजाला?" हे वाक्य ओठांवर येऊन परत जायचं. एकदा त्या चिडल्याच, "अगं, लेकराला मागायला कशाला लावायचं? आपण आहोत की!"

त्या वाक्याने मला जागं केलं. न मागता ताटात वाढणं हीच आपल्याकडची माया. मीही तेच करत होते. त्याने स्वयंपाकघराकडे नुसतं पाहिलं तरी दूध पुढे करायचे. त्याला मागायची गरजच आम्ही ठेवली नव्हती. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, आपण कायम असणार आहोत का?" त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन त्याच्या मागे बसल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात त्याने कोणाच्याही आधाराशिवाय कार्ड उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी "चकली!" म्हणाले आणि तुकडा दिला. मग आत जाऊन रडले.

पुढच्या पायऱ्यांना महिने लागले. कार्ड लांब ठेवलं, तो उठून आणायला शिकला. दोन चित्रांतलं हवं ते निवडायला शिकला. 'मला हवं' आणि 'चकली' अशी दोन कार्डं पट्टीवर जोडायला शिकला. आता तो टॅबलेट वापरतो. चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप मराठीही बोलतं, त्यामुळे आजीशी तो मराठीत बोलू शकतो.

सगळ्यात उपयोगी पडलेलं कार्ड मात्र चकलीचं नव्हतं, 'नको'चं होतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवलं की मुलांच्या आदळआपटीमागेही बहुधा निरोप असतो, आणि तोच निरोप सोप्या मार्गाने द्यायला शिकवलं तर आदळआपट कमी होते. आम्ही वहीत लिहायला लागलो: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आम्ही काय केलं. दोन आठवड्यांत दिसलं की तो हात चावतो तो बहुतेक आवाज वाढल्यावर, आणि चावला की आम्ही त्याला बाहेर नेतो. मग बाहेर जायचं कार्ड दिलं. ते दाखवलं की काहीही चालू असो, आम्ही उठतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या उपचारांचा इतिहास निर्मळ नाही. कॅलिफोर्नियातल्या ईवार लोवास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासाने ही पद्धत गाजली, पण त्या काळी मुलांना शिक्षाही केली जायची. मोठ्या झालेल्या अनेक ऑटिस्टिक व्यक्ती सांगतात की नजरेला नजर द्यायची सक्ती, हात हलवण्याची बंदी यांनी त्यांना जखमा झाल्या. म्हणून थेरपिस्ट निवडताना आम्ही एकच विचारतो: त्याचं 'नको' तुम्ही ऐकणार का? आणि मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून लांब वाक्यं टाइप करून घेणाऱ्यांपासून सावध राहा. ते शब्द धरणाऱ्याचे निघतात, हे अनेकदा सिद्ध झालं आहे.

शंका असेल तर थांबू नका. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलाची तपासणी अर्ली इंटरव्हेन्शनमधून मोफत होते, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पालक स्वतः फोन करू शकतात. तिसऱ्या वर्षानंतर ती जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जाते.

"मग आता बोलतो का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. नाही. चित्रांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे, काही मुलं पुढे बोलतातही, पण आमचा अजून बोलत नाही. कदाचित बोलणारही नाही. ही गोष्ट आता आमच्या घरात रडण्याची राहिलेली नाही.

यंदा आम्ही मंडळात येणार आहोत. तो टॅबलेट पुढे करेल तेव्हा घाईने त्याचं वाक्य पूर्ण करू नका. दहापर्यंत आकडे मनात मोजा आणि थांबा. तो बाहेर जायचं म्हणाला तर वाट द्या, बस्स.

गेल्या दिवाळीला पहिल्या संध्याकाळी मी दारात पणत्या लावत होते. तो जवळ येऊन बसला. बराच वेळ ज्योतीकडे पाहत होता. मग त्याने टॅबलेट ओढला आणि दोन चित्रं दाबली. 'दिसतंय.' 'पणती.'

त्याला काही हवं नव्हतं. तो मला फक्त सांगत होता.