बंदरं तीच, मग निवड कशाची?

अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझची चार कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, तर जहाजांची नावं वेगळी दिसतात, केबिनचे फोटो वेगळे दिसतात, पण बंदरांची यादी जवळपास एकच निघते: केचिकन, जुनो, स्कॅगवे, एखादी हिमनदी आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. मायामीहून निघणाऱ्या कॅरिबियन सफरींचंही तेच. पश्चिमेकडे गेलं की कोझुमेल आणि ग्रँड केमन, पूर्वेकडे गेलं की सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन. मुंबईहून निघालं तर गोवा, कोची, लक्षद्वीप. समुद्र एवढा अफाट, पण जहाजं मात्र एसटीच्या गाड्यांसारखी ठरलेल्या थांब्यांवरच उभी राहतात. हे लक्षात आलं की बहुतेक प्रवासी एकाच निष्कर्षाला येतात: सगळं सारखंच असेल, तर जिथे स्वस्त मिळेल किंवा जिथलं जहाज झगमगीत असेल तिथे पैसे भरावेत. हा निष्कर्ष घाईचा आहे असं मला वाटतं. मार्ग सारखे असण्यामागे ठोस कारणं आहेत, आणि ती समजून घेतली की दोन सफरींमधला खरा फरक कुठे असतो तेही कळतं. बंदरांच्या नावांत तो फारसा सापडत नाही. तो वेळापत्रकात असतो.

पहिलं कारण साध्या गणिताचं आहे. क्रूझचा सगळा व्यवहार रात्री चालायचं आणि दिवसा थांबायचं, या तालावर बांधलेला असतो. संध्याकाळी सहाला बंदर सोडलं आणि सकाळी सात-आठला पुढचं गाठायचं, तर हातात बारा-तेरा तास उरतात. ताशी अठरा-वीस सागरी मैलांच्या वेगाने तेवढ्या वेळात सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैल होतात. मुंबई ते मुरगाव हे समुद्रातलं अंतर साधारण तेवढंच आहे, म्हणून मुंबईच्या छोट्या सफरींसाठी गोवा नेमका बसतो. कोची त्याच्या दुपटीहून लांब आहे. तिथे जायचं तर मधला एक अख्खा दिवस पाण्यातच जातो. वेग वाढवून अंतर कापावं म्हटलं तर इंधन आडवं येतं. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी अठरा सागरी मैलांवरून बावीसवर जायचं तर इंजिनाला सुमारे ८० टक्के जास्त ताकद लावावी लागते. म्हणजे सात रात्रींत जिथून निघालो तिथेच परत यायचं असेल, तर प्रस्थानाच्या बंदराभोवती एक वर्तुळ आपोआप आखलं जातं, आणि त्या वर्तुळातल्या मोजक्याच जागांवर हजारो माणसं उतरवण्याची सोय असते.

कोकणाचं उदाहरण इथे बोलकं आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जुन्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जात. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून उतारू किनाऱ्यावर येत. त्या बोटी छोट्या होत्या आणि उतरणारा माणूस आपल्या गावी जाणारा होता. चढउतार आटोपली की बोट पुढे निघे. आजच्या क्रूझवर दीड-दोन हजार माणसं असतात. त्या सगळ्यांना सकाळी उतरवून, फिरवून, जेवणाच्या आणि चहाच्या वेळा सांभाळून संध्याकाळी परत आणायचं असतं. त्यासाठी खोल पाणी, मोठा धक्का आणि बसगाड्यांची रांग उभी राहील एवढी मोकळी जागा लागते. किनारा कितीही देखणा असला तरी या तीन गोष्टी नसतील तर जहाज तिथे सहसा वळत नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे. अलास्काच्या सफरीत व्हिक्टोरिया का असतं, याचं उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने केवळ अमेरिकी बंदरांमधून प्रवासी वाहतूक करू नये, असा त्याचा आशय. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक युरोपात बांधलेली आणि बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदवलेली असतात. म्हणून सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजाला वाटेत एका परदेशी बंदराला पाय लावावा लागतो. बऱ्याच वेळापत्रकांत व्हिक्टोरियाचा थांबा संध्याकाळी सुरू होतो आणि मध्यरात्रीच्या आसपास संपतो. तिथली प्रसिद्ध बुचार्ट उद्यानं गावापासून वीसेक किलोमीटरवर आहेत, म्हणजे फुलं बघायला पोचेपर्यंत अंधार पडायला लागलेला असतो. ही कायद्याचीच करामत आहे याचा पुरावा २०२१ मध्ये मिळाला. कोरोनामुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझना बंद ठेवली, तेव्हा अमेरिकी संसदेला तात्पुरता कायदा करून सवलत द्यावी लागली. नाहीतर अलास्काचा तो हंगामही बुडाला असता. हवाईचंही असंच. तिथल्या बेटांमध्येच फिरणारं मोठं जहाज ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे एकच, कारण ते अमेरिकी झेंड्याचं आहे. कॅलिफोर्नियाहून हवाईला जाऊन परतणारी इतर जहाजं मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला थांबून येतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आणि तिथून अलास्काची सफर ठरवणाऱ्या मराठी आईवडिलांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. व्हिक्टोरियाचा थांबा काही तासांचाच असला तरी देश वेगळा आहे. अमेरिकेचा व्हिसा हातात असला तरी कॅनडाच्या व्हिसाची चौकशी वेगळी करावी लागते.

तिसरं कारण म्हणजे गावांनी आणि निसर्गरक्षकांनी घातलेल्या मर्यादा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, आणि हे परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत. ज्यांच्याकडे ते नाहीत त्या कंपन्या हबर्ड हिमनदीकडे किंवा एंडिकॉट आर्मच्या अरुंद खाडीत जहाज नेतात. माहितीपत्रकावर सगळीकडे ‘हिमनदी दर्शन’ एवढंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या जागा आहेत. सुमारे बत्तीस हजार वस्तीच्या जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली, आणि २०२६ पासून प्रवाशांच्या संख्येवरही मर्यादा मान्य करून घेतली: शनिवारी १२ हजार, इतर दिवशी १६ हजार. इटलीने ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या ऐतिहासिक भागासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी केली. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. २०२५ मध्ये सार्वमत घेतलं तेव्हा तिथल्या मतदारांनी तो बांधायला नकारच दिला. या निर्णयांचा राग मानण्याचं कारण नाही. हजारभर वस्तीच्या स्कॅगवेसारख्या गावात एका दिवसात वस्तीच्या कितीतरी पट माणसं उतरतात, तेव्हा गावाने ‘पुरे’ म्हणणं समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे नवी बंदरं मिळणं अवघड होतं आणि जुन्यांवरची गर्दी कायम राहते.

चौथं कारण धंद्याचं आहे, आणि ते उघड सांगायला हवं. प्रवासी बंदरावर उतरला की त्याचा खर्च गावात होतो. जहाजावर राहिला की कंपनीकडे. १९७७ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट घेतलं, तेव्हापासून खाजगी बेटांची प्रथा वाढत गेली. रॉयल कॅरिबियनचं कोकोके, डिस्नेचं कॅस्टअवे के, एमएससीचं ओशन के ही त्यातली ठळक नावं. इथे किनारा, जेवण, घसरगुंड्या सगळं कंपनीचं, आणि फ्लोरिडाहून एका रात्रीत पोचता येईल एवढं जवळ. साहजिकच कॅरिबियनच्या अनेक सफरींत एक दिवस या बेटांना जातो आणि खऱ्या गावांमधला एक दिवस कमी होतो. हा दिवस आनंदाचा नसतो असं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर तो सफरीतला सगळ्यात सोपा दिवस ठरतो. पण बहामा पाहिलं असं समजून कोणी परतणार असेल, तर त्याने पाहिलेला किनारा त्याच कंपनीने मांडलेला होता, हे त्याला आधी माहीत असावं.

आता यावर कोणी म्हणेल, मार्ग असे बांधलेलेच असतील, तर स्वस्त सफर घेण्यात गैर काय? गैर काहीच नाही. फक्त स्वस्त म्हणजे काय ते आधी मोजावं. दोन सफरींत तीच पाच नावं असतात, पण एकीत जुनोला सकाळी आठ ते रात्री नऊ असा मुक्काम असतो आणि दुसरीत दुपारी एक ते संध्याकाळी सात. बंदरातला जाहीर वेळ हा हातात पडणारा वेळ नसतो. उतरायला जाणारा वेळ आणि सुटण्याआधी अर्धा-एक तास परतण्याची अट, हे दोन्ही वजा करावं लागतं. जिथे धक्का नाही तिथे छोट्या बोटींतून उतरवतात, आणि त्या रांगेत आणखी वेळ जातो. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला तर हलत्या बोटीत पाय टाकणंच जड जातं. सहा तासांच्या थांब्यात प्रत्यक्ष फिरायला चार उरतात. सगळ्या बंदरांचे असे तास मांडून सफरीची किंमत त्यांनी भागली, की महाग दिसणारी सफर पुष्कळदा स्वस्त निघते.

नावांच्या बाबतीतही असाच हिशेब करावा लागतो. भूमध्य समुद्राच्या सफरीत ‘रोम’ छापलेलं असतं तेव्हा जहाज चिविताव्हेकियाला लागतं, आणि तिथून रोम सत्तरहून अधिक किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र. तिथून पॅरिसला जायचं तर सुमारे दोनशे किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. ‘व्हेनिस’ म्हणजे आता अनेकदा रावेन्ना किंवा त्रिएस्त. दहा तासांच्या थांब्यातले पाच-सहा तास बसमध्ये जाणार असतील, तर ते शहर आपण पाहिलं असं म्हणणं कठीण आहे. अशा वेळी ज्या सफरीत लहान पण बंदरालगतची गावं आहेत, ती नावाने फिकी वाटली तरी पायी हिंडायला जास्त देते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनेकांना बंदरांशी देणंघेणंच नसतं, जहाज हीच सहल असते. हे खरं आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. आजीआजोबा, नातवंडं, नोकरीतून चार दिवसांची रजा मिळालेले मुलगा-सून, सगळ्यांना एका ठिकाणी राहायचं असेल, रोजची सामानाची बांधाबांध नको असेल, तर जहाजासारखी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते. कंपन्यांनीही हे ओळखलं आहे. सिंगापूरहून निघणाऱ्या ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’च्या तीन-चार रात्रींच्या सफरी वाटेत कुठेच थांबायच्या नाहीत, अशाच आखलेल्या आहेत. ज्याला जहाजच हवं आहे त्याने अशी सफर उघडपणे निवडावी. समुद्रातले दिवस जास्त, जहाज मोठं, बंदरं कमी. फसगत होते ती मधल्या निवडीत. जहाजासाठी पैसे मोजायचे, पण मनात नकाशावरची सहा नावं धरून निघायचं, आणि परतताना दोन्हींबद्दल हळहळायचं.

तिसरा आक्षेप असा की वेगळा मार्ग हवा असणाऱ्याला पर्यायच नाहीत. पर्याय आहेत, फक्त त्यांच्या अटी निराळ्या आहेत. व्हँकुव्हरहून निघून व्हिटियर किंवा सीवर्डला संपणारी एकेरी सफर घेतली, तर त्याच वाटेने परतण्याचे दिवस वाचतात आणि जहाज आणखी उत्तरेला पोचतं, पण विमानाचा खर्च आणि दगदग वाढते. वसंतात आणि शरदात जहाजं एका समुद्रातून दुसऱ्यात हलवली जातात. त्या सफरींत एरवी न दिसणारी बंदरं मिळतात, मात्र सलग अनेक दिवस पाणीच पाणी असतं. लहान जहाजं अरुंद खाड्यांत शिरतात आणि मोठ्यांना बंद असलेल्या जागी लागतात, पण माणशी खर्च बराच चढतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ पासून चाललेली हुर्टिगरुटेनची वाहतूक बर्गन ते किर्केनेस या वाटेवर ३४ बंदरं घेते, त्यातली काही मध्यरात्री आणि काही अवघ्या पंधरा-वीस मिनिटांसाठी, कारण ती बोट मुळात गावांना माल आणि माणसं पोचवण्यासाठी आहे. विविधतेची किंमत पैशांत, दिवसांत किंवा सुखसोयींत द्यावी लागते. ती द्यायची तयारी असेल तर समुद्र आजही खुला आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी टूर कंपनीकडे फोटोंच्या आधी वेळापत्रक मागावं. प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं, धक्क्याला लागतं की बोटीतून उतरवतात, छापलेल्या शहरापासून बंदर किती लांब आहे, त्या दिवशी तिथे आणखी किती जहाजं आहेत, हिमनदी म्हटलं तर नेमकी कोणती, आणि कोणकोणते व्हिसा लागतील. यातली बहुतेक माहिती जाहीर असते. अनेक बंदरं आपल्याकडे येणाऱ्या जहाजांचं वेळापत्रक हंगामाआधीच प्रसिद्ध करतात. तरीही ग्राहकाने विचारल्याशिवाय ती समोर ठेवली जात नाही, ही पद्धत बदलायला हवी. मराठी कुटुंबं अशा सफरीसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवतात, आणि आईवडिलांसाठी ती बहुधा आयुष्यात एकदाच घडते. त्यांना नावांची यादी दाखवून तासांचा हिशेब झाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मार्ग बदलणं कोणा एका कंपनीच्या हातात नाही, हे मान्य. पण पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर प्रत्येक थांब्याचे तास छापणं नक्कीच आहे, आणि ते छापलेले नसतील तर प्रवाशाने मागितल्याशिवाय सही करू नये.