जुन्या घराचं सागवान आणि पहिलं मशीन: काय घ्यावं, काय टाळावं?

नांदेड-देगलूर रस्त्यावरचं नायगाव असो की आसपासचं एखादं खेडं, जुनं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं की अंगणात एक ढीग उरतो. तुळया, खांब, सरे, दाराच्या चौकटी. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली हजारो माणसं दगावली. त्यानंतर मराठवाड्यात मातीच्या छतावरचा लोकांचा विश्वास उडाला. छतं गेली, पण त्यातलं सागवान आजही चांगलं आहे.

त्या लाकडाचा टेबल, दिवाण किंवा देवघर घरीच करावं, असं अनेकांना वाटतं. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मशीनही मागवलं जातं. इथेच चूक होते. बहुतेक जण वॅट आणि किंमत बघतात. खरं तर आधी पाहायला हवं ते पातं, वेग आणि गार्ड.

जुनं लाकूड नव्यापेक्षा वेगळं का?

पन्नास-साठ वर्षं छताखाली राहिलेलं सागवान पूर्ण वाळलेलं असतं. ताजं लाकूड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आकसतं, वाकतं, तडकतं. जुन्याचा तो त्रास फार कमी.

पण त्यात दोन अडचणी असतात. पहिली म्हणजे खिळे. वरून न दिसणारा, आत मोडलेला खिळा पात्याचे दात उडवतो आणि उडालेला तुकडा थेट डोळ्याकडे येऊ शकतो. म्हणून कापण्याआधी तारेच्या ब्रशने माती काढावी आणि लाकडाच्या चारही बाजूंवरून जोरदार लोहचुंबक फिरवावं. स्पीकरमधलं जुनं चुंबकही चालतं. फार खोल गेलेला खिळा मात्र चुंबकाला सापडत नाही. तिथे गंजाचा काळा डाग हीच खूण.

दुसरी अडचण सागाचीच. सागात निसर्गतः सिलिका, म्हणजे वाळूतला घटक असतो. त्यामुळे साधं पोलादी पातं लवकर बोथट होतं. पात्यावर 'टीसीटी' लिहिलेलं पाहावं. त्याच्या दातांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असतात.

कोणतं मशीन कशासाठी?

ड्रिल: पहिली खरेदी हीच. 13 मिमी चकचं, 600 वॅटच्या आसपासचं इम्पॅक्ट ड्रिल लाकूड आणि विटांची भिंत, दोन्हींना पुरतं. वेग कमी-जास्त करता येणारा आणि उलटा फिरणारा प्रकार घ्यावा. लाकडात भोक पाडताना इम्पॅक्ट बंद ठेवावा.

जिगसॉ: वळणदार कापासाठी आणि नवख्या माणसासाठी त्यातल्या त्यात सोपं. 1946 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शिलाई मशीनच्या सुईच्या जागी करवतीचं पातं लावून पाहिलं गेलं आणि त्यातून हे मशीन आलं, असं सांगतात. पातं सुईसारखंच खाली-वर होतं. जाड लाकडात मात्र ते तिरकं जातं.

सर्क्युलर सॉ: लांब, सरळ कापासाठी. 7 इंची सॉ साधारण 60 ते 65 मिमी, म्हणजे जेमतेम अडीच इंच खोल कापते. सहा इंची तुळई तिने एका दमात चिरता येत नाही. अशी तुळई आरा मशीनवर नेऊन फळ्या पाडून आणणंच स्वस्त आणि सुरक्षित. खिळे असतील तर तिथे आधीच सांगावं.

सँडर: हाताने पॉलिश पेपर घासण्यात जाणारा दिवस वाचतो.

रंधा मशीन आणि राउटर पहिल्या वर्षी नसले तरी चालतं. एका टेबलासाठी गावातल्या सुताराकडून फळ्या रंधून घेतल्या तर मशीनचा खर्च वाचतो आणि कामही सफाईदार होतं.

ग्राइंडरला लाकडाचं पातं लावलं तर?

हे चुकूनही करू नये. बाजारात चार इंची, दातेरी पातं स्वस्तात मिळतं. ते अँगल ग्राइंडरवर बसतंही. पण बसतं म्हणजे चालतं असं नाही.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 180 हून जास्त. 7 इंची सर्क्युलर सॉचे फेरे साधारण 5,000 ते 5,500. ग्राइंडर घासण्यासाठी बनलेला आहे. लाकडात मात्र पात्याचा दात अडकतो. अडकला की मशीन क्षणात मागे उसळतं. सर्क्युलर सॉला लाकडावर टेकणारा सपाट पाया असतो आणि पातं बाहेर आलं की खालचं गार्ड आपोआप मिटतं. बोट सुटलं की स्विचही बंद होतो. बऱ्याच ग्राइंडरचा स्विच सरकवून अडकवलेला असतो. हातातून निसटला तरी तो फिरतच राहतो.

चार इंची मार्बल कटर अनेक सुतार प्लायसाठी वापरतात. त्याला पाया असतो, पण खालून मिटणारं गार्ड नसतं. तो टेबलाला उलटा बांधून 'टेबल सॉ' करणं तर सर्वांत धोक्याचं. पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते पातं लावूच नये.

विजेचं काय?

गावाकडे व्होल्टेज पडणं नेहमीचं. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं की मशीनचा वेग आणि ताकद घटते. आपण जास्त रेटतो आणि मोटर तापते. अशा वेळी काम थांबवावं. एक्स्टेंशनची वायर किमान 1.5 चौरस मिमीची असावी आणि पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर शॉक लागल्यास ती वीज तोडते.

बॅटरीचं ड्रिल लोडशेडिंगमध्ये कामी येतं. पण बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा चालत नाही, म्हणून पुढची मशीनं कोणत्या कंपनीची घ्यायची हे तेव्हाच ठरतं.

दुकानात काय विचारावं?

- कार्बन ब्रश आणि स्विच सुटे मिळतात का?
- दुरुस्ती नांदेडला होईल, की मशीन बाहेरगावी पाठवावं लागेल?
- पातं कोणतं आहे, दात किती? 7 इंची पात्यात 24 दात धारेच्या दिशेने चिरायला, 40 सर्वसाधारण कामाला आणि 60 प्लायच्या स्वच्छ कापासाठी.
- गार्ड सोबत आहे का आणि ते सहज मिटतं का?

खर्चात न धरलेल्या वस्तू

चष्मा, कानाचे प्लग आणि एन-95 मास्क मशीनसोबतच घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला गुंडाळलेला गमछा बारीक धूळ अडवत नाही. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ घालू नयेत. कापड ओढलं गेलं की बोटही जातं. सैल बाही आणि ओढणीचंही तेच.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच दिवशी आजोबांच्या चौकटीला हात घालू नये. ढिगातला तडकलेला सरा घ्यावा, त्याचा पाट किंवा छोटं स्टूल करावं. सागात तेल असतं, म्हणून डिंक लावण्याआधी जोडाची जागा थिनरने पुसून वाळू द्यावी. नाहीतर सांधा सुटतो. पातं बदलताना प्लग काढलेलाच असावा.

आणि पावसाळ्यात जुनं दार अडकलं म्हणून लगेच रंधा मारू नये. लाकूड दमटपणाने फुगलेलं असतं. तेव्हा जितकं तासाल, तितकी फट चैत्रात दिसते. अडकतं तिथे खूण करून ठेवावी आणि पाऊस सरल्यावर, गरज उरलीच तर, तेवढंच तासावं.