लहान मुलांना घेऊन गरवायला जाताना

(या भागाचं शब्दांकन)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की सुट्टीत घरी आलेल्या भाचरांना मोबाईलपासून दूर न्यायचं कुठे? माझं उत्तर सोपं आहे. खाडीवर, मासे गरवायला. माझी भाची नऊ वर्षांची आहे. दर मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली की आम्ही दोघं जातोच. तर आज तेच सांगतो, नीट क्रमाने.

आधी वेळ बघा

खाडीतला मासा भरतीच्या पाण्याबरोबर आत येतो. म्हणून पाणी चढत असताना बसायचं. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. म्हणजे अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा अंदाज झाला, प्रत्येक गावी थोडा फरक पडतो, तेव्हा मोबाईलवर भरतीचं कोष्टकही बघून घ्या. पण गुणाकार मुलांना करू द्या. पाढे पाठ करायला कंटाळणारी माझी भाची हा हिशेब मात्र न सांगता करते!

मुलं बरोबर असतील तर मी अष्टमीच्या आसपासचाच दिवस धरतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि पाणी शांत. शिवाय चारला ऊन कलतं आणि पाणीही चढत असतं.

सामान फार लागत नाही

महागडा रॉड नको. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला वीसेक मीटर तंगूस गुंडाळा, टोकाला छोटा गळ, त्याच्या वर शिशाचं लहान वजन. झाली गरी तयार. आमिषाला बाजारातली बारीक कोळंबी. एक काम विसरू नका: गळाला आतून जो उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करा. बोटात घुसला तर सहज निघतो आणि सोडून द्यायच्या माशालाही जखम कमी होते. गळ फेकायचं काम मोठ्यांचं. दोरा हातात धरून बसायचं काम मुलांचं.

इथे गंमत नाही

पोहता येवो न येवो, मुलाला लाईफ जॅकेट हवंच, आणि आपण हाताच्या अंतरावर. जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उतरायचं नाही. ढग गडगडले की गाशा गुंडाळायचा. शिंगाळा लागला तर मुलांना हात लावू देऊ नका. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना विषारी काटे असतात. लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. धरणावर किंवा तलावावर जाणार असाल तर आधी विचारा, कारण तिथली मासेमारी बरेचदा सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते.

मासा लागला नाही तर?

बरेचदा नाहीच लागत. पण खाडी रिकामी नसते. चिखलात उड्या मारणारे निवटे, तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वास घेणारी मुळं, खंड्याची झेप. हे दिसायला अर्धा तास गप्प बसावं लागतं, आणि हातात दोरा असला की मुलं बसतात. तेवढा वेळ आपलाही फोन पिशवीत. तुम्ही रील बघत बसलात तर तेही मागणारच.

आणि लागला तर?

गेल्या वर्षी भाचीला वीतभर तांबोशी लागली. आधी नाचली, मग तो तडफडणारा मासा बघून म्हणाली, “मामा, याला दुखत असेल का गं... म्हणजे रे?”

मी तिला नाही म्हणालो नाही. म्हटलं, “दुखत असणार. म्हणून तर उगाच पकडायचा नाही. खायचा असेल तर ठेवायचा, नाहीतर लगेच सोडायचा.” तांबोशीची पिल्लं खाडीत, तिवरांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन समुद्राकडे जातात, हेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सोडूया.” हात ओले करून मासा धरला, गळ काढला आणि पाण्यात धरून सोडला.

घरी आजीने विचारलं, “काय गो, कालवणाला काय आणलंस?” तर म्हणते, “आणला होता, पण अजून लहान आहे तो.”

मला विचाराल तर न्यायचं ते यासाठी. ताटात येणारा मासा कुठून येतो, तो पकडणाऱ्याला किती वाट बघावी लागते, आणि हातात आलेलं सगळंच ठेवायचं नसतं, हे एका संध्याकाळी कळतं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तीही माशांची वीण व्हावी म्हणूनच. हे मग मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

तर मंडळी, पुढची अष्टमी कधी आहे ते कॅलेंडरवर बघा. आणि जाताना कचऱ्याला एक रिकामी पिशवी घ्या, तुटलेला तंगूस पक्ष्यांच्या पायात अडकतो. भेटूया पुढच्या भागात!