फाइलीची मिति आणि पैवस्तीची मिति

उरण तालुक्यांतील चाणजे येथें सांपडलेल्या सोमेश्वर शिलाहाराच्या लेखांत शके ११८२ हा काल पाषाणावरच कोरलेला आहे. शिला कोठेंहि नेली तरी काल तिजबरोबर जातो. अशा लेखाचें छायाचित्र एका संगणकांतून दुसऱ्यांत जातांना मात्र तसा भरंवसा धरतां येत नाहीं.

छायाचित्र घेतल्याची वेळ कॅमेरा 'एक्झिफ' नांवाच्या नोंदींत, फाइलीच्या पोटांतच लिहितो. 'निर्मिति' व 'बदल' या तारखा फाइलीबाहेर, डिस्कच्या नोंदवहींत राहतात. विंडोजमध्यें नक्कल करतांच 'निर्मिति' नकलेच्या दिवसाची होते, 'बदल' जुनाच राहतो; म्हणजे फाइल बदलली आधीं व जन्मली मागाहून! ही मिति पत्रलेखनाची नव्हे, पैवस्तीची समजावी.

मॅकवर फाइलीस लावलेल्या खुणाहि बाहेरच असतात. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर त्या '._' नें आरंभ होणाऱ्या जोडफाइलींत उतरतात. विंडोजवर ती निरुपयोगी वाटून कोणीं पुसली, कीं खुणा नष्ट झाल्या. व्हॉट्सॅपवरून छायाचित्र म्हणून पाठविल्यास एक्झिफहि गळतें.

पुढें शिलेचीं अक्षरें झिजलीं, तर तीं कोणत्या सालीं वाचण्याजोगीं होतीं याचा पुरावा हीच तारीख होय. म्हणून स्थळ व दिनांक फाइलीच्या नांवांत, आणि सविस्तर हकीकत सोबतच्या साध्या मजकूर-फाइलींत लिहावी, असें आम्हांस वाटतें. चाणजेच्या लेखकानें काल लेखांतच घातला. आपणहि तेंच करावें.