जुन्या मोटारीचा सायलेन्सर : सगळा बदलू नका

आपल्या पुसद-उमरखेड भागात जुन्या मारुती ८०० अजून दिसतात. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण सुटे भाग मिळतात. आवाज वाढला की मिस्त्री म्हणतो, “भाऊ, पूर्ण सेटच टाका.” घाई करू नये.

थंड गाडी मोकळ्या जागेत सुरू करावी आणि मागच्या नळीवर ओला फडका क्षणभर दाबून धरावा. फुसफुस जिथे, गळती तिथे. जोडावर काजळी दिसली तर बहुधा नुसते पॅकिंग गेलेले असते. ते थोडक्यात भागते.

सडतो तो बहुतेक मागचा डबा, आणि तोही आतून. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण तितकेच पाणी वाफ होऊन निघते. घर ते शेत एवढ्याच फेऱ्या असल्या तर डबा तापत नाही, पाणी आतच साचते. पेचकसाने टोचून पत्रा दबला तर वेल्डिंगचा खर्च वाया, डबाच बदलावा. पत्रा जाड असेल तर खुशाल वेल्डिंग करावे.

नवा डबा कंपनीचाच पाहिजे असे नाही. जुना सोबत नेऊन नळीचा व्यास व लटकवायच्या जागा ताडून पाहाव्यात. हातात हलका लागला तर पत्रा पातळ समजावा.

कन्व्हर्टर असेल तर तो काढू देऊ नये. त्यात प्लॅटिनम-पॅलेडियम असते. भंगारवाला उगाच मागत नाही!

इंजिनाजवळची गळती मात्र लगेच दुरुस्त करावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि काचा बंद करून आत बसतात ती आपलीच लेकरे. तोवर गाडी चालवूच नये.